वरलं पान, आतलं पान

“रफार म्हंजे काय चिमणी हाये का, कुठंबी जाऊन बसायला?”

पेंटरचं हे वाक्य ऐकलं तो प्रेसमधला माझा पहिला दिवस. ते माझ्यासाठी नव्हतं. समोर जुन्या जालन्यातले एक कापडवाले उभे होते, त्यांना दिवाळीच्या जाहिराती छापून हव्या होत्या. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘सर्व’ या शब्दातला रफार कुण्या दुसऱ्याच रंगाऱ्यानं ‘स’च्या डोक्यावर बसवला होता, आणि ती पाटी यांनी जाता-येता वर्षभर पाहिली होती. वर्षभराचा राग त्या सकाळी निघाला. “आदी दुकानावरचा रफार उतरवून या. मंग कागदाचं बोलू. तवर बिलकुल हात लावणार न्हाई.” गिऱ्हाईक तणतणत गेलं. मालक कपाळाला हात लावून बसला. आणि हे पेन्सिल कानामागं खोवून पुन्हा आपल्या पाटावर वाकले, अर्धवट कोरलेल्या ठशावर फुंकर मारली, जसं काही घडलंच नाही.

सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. मूळचे हसनाबादचे. मी त्याच भागातल्या एका खेड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, जुळवणीचं काम शिकून जालन्यात आलेला. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, एकेक वेचून ओळी जुळवायच्या हे माझं काम. चित्र आणि मोठी शोभेची अक्षरं लाकडात नाहीतर लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून ठसा करायचा हे त्यांचं. ते पन्नाशीचे, मी पंचविशीचा. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं.

त्यांना राग यायचा. रोज यायचा. बारशाच्या पत्रिकेवर कुणी जाड काळी अक्षरं मागितली की यायचा. “लेकराचं नाव ठेवून राह्यले का तेराव्याला बोलवून राह्यले?” सिनेमाच्या जाहिरातीतल्या नटीचे डोळे दोन मापांचे आले की त्या कागदाचा बोळा करून तो ते खिशात घालून ठेवायचे, रस्त्यावर फेकायचे नाहीत, कारण दुसऱ्या कुणी उचलून पाहील. एकदा निवडणुकीतल्या एका उमेदवारानं स्वतःच्या नावाची अक्षरं नेत्याच्या नावाएवढी मोठी मागितली, तर त्याला म्हणाले, “आदी तेवढं मोठं व्हा, मी ठसा तयारच ठेवतो.” तो हसला. हे हसले नव्हते.

मालक त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वडलांच्या मागं प्रेस अंगावर पडलेला माणूस. तो त्यांना अरेतुरे करायचा. “ए पेंटर, इकडं ये,” अशी हाक आली की पेंटर बहिरे व्हायचे. तीन वेळा हाक आली तरी पटाशी लाकडात चाललेली. मग मालक थकून “अहो पेंटर” म्हणायचा आणि हे लगेच मान वर करायचे, “काय हो?”

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. पेंटर बौद्ध होते. छप्पन सालानंतर त्यांच्या घरातले देव नदीत गेले होते आणि भिंतीवर एकच तसबीर होती. प्रेसमध्ये हॉटेलातून चहा यायचा, आमच्यासाठी कपबशा, आणि यांच्यासाठी खिडकीत पालथा घातलेला एक कान तुटलेला कप. मी नवीन होतो. मला तो कप दिसला होता, आणि दिसून मी काही म्हणालो नव्हतो. ही माझी खोड पुढंही दिसेल.

एके दिवशी त्यांनी तो कप रंगवला. दुपारभर बसून, बारीक कुंचल्यानं. कपाच्या एका बाजूला शिंगवाला लाल सैतान, गालातल्या गालात हसणारा. आणि दुसऱ्या बाजूला, धुराच्या वळणांची, सोनेरी सावली दिलेली, बघत राहावी अशी अक्षरं: ‘मालक’. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा प्रेसमध्ये चार गिऱ्हाइकं होती. पेंटरनी तो कप खिडकीतून काढला, चहा ओतून घेतला आणि अक्षरं लोकांकडं करून प्याले. एक गिऱ्हाईक म्हणालं, “अरे वा, मालकाचा कप लई भारी हाये.” तिसऱ्या दिवशी तो कप गेला आणि पेंटरना आमच्यासारखी कपबशी आली. त्यांनी त्यावर आनंद दाखवला नाही. “बशीला टवका हाये,” म्हणाले आणि ती परत पाठवली.

तो सैतान आणि ती धुराची अक्षरं कुठून आली, हे मला पुढं महिन्याभरानं कळलं. प्रेसच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांमागं, त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. घर गळकं होतं म्हणून त्यांनी ती इथं आणून ठेवली होती. तरुणपणी, निजामाच्या राज्यात, ते एका जादूच्या कंपनीत पडदे रंगवायला होते. परभणी, नांदेड, हैदराबाद, जिथं तंबू लागेल तिथं. ती कंपनी मोडली तेव्हा सामानाची वाटणी झाली. कुणी पेट्या नेल्या, कुणी कबुतरं. यांनी ही ट्रंक उचलली, कारण ती कुणालाच नको होती. तिच्यात फक्त कागद होते.

जादूगारांची मासिकं, जादूच्या सामानाची सूचीपत्रं. काही विलायतेची, काही कलकत्त्याची, काही उर्दूतली. पिवळी पडलेली, काठाला कुरतडलेली. पहिल्यांदा त्यांनी मला ती दाखवली तेव्हा आधी साबणानं हात धुवायला लावले. “शाईचे हात लावशील तर बोटं तोडंन.”

वरच्या पानांवर काळ्या कोटातला माणूस, त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिटुकले लाल सैतान, कानात काहीतरी सांगणारे. हवेत आडवी झोपलेली बाई, तिचे केस खाली लोंबलेले, आणि तिच्याभोवतून जाणारं कडं. घुबडं, कवट्या, कवटीच्या डोळ्यांतून उठणारा धूर, आणि वर जाऊन त्या धुराचीच झालेली अक्षरं. एका मासिकाच्या नावातलं प्रत्येक अक्षर पत्त्यासारखं वाकलेलं, एकाची सावली दुसऱ्यावर पडलेली. पेंटरना इंग्रजी वाचता येत नव्हतं. उर्दू यायचं, चौथीपर्यंत शिकलेलं. पण त्या इंग्रजी अक्षरांकडं ते जसं बघत, तसं बघणारा माणूस मी परत पाहिला नाही. “त्यांच्या अक्षरांना डोक्यावर रेघ न्हाई,” ते म्हणायचे. “आपल्याला हाये. ही लई मोठी सोय हाये.” त्यांनी शिरोरेषेची जादूगाराची कांडी केली आणि अक्षरं तिला हवेत लटकवली. वेलांटी धुराची. अनुस्वार म्हणजे वर फेकलेला आणि अजून खाली न आलेला चेंडू. जालन्यात त्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी सर्कशीची नाहीतर जत्रेची जाहिरात हातात घेतली, त्यांनी ती अक्षरं पाहिलेली आहेत. कुणी काढली हे कुणी विचारलं नाही.

आतल्या पानांवर मात्र सैतान नव्हते, धूर नव्हता. तिथं नुसते हात. मनगटाशी संपलेले, पांढऱ्या कफातले हात. एका हाताच्या पोटात लपलेला चेंडू, बोटांच्या फटीत धरलेलं नाणं. जे प्रेक्षकाला दिसतं ते पक्क्या रेघेनं, आणि जे दिसत नाही ते तुटक रेघेनं. बाजूला बाण आणि एकेक अक्षर. पेंटर ही पानं भाषा येत नसताना वाचायचे. मला समजावून सांगताना त्यांचा आवाजच बदलायचा, राग कुठल्या कुठं जायचा.

“वरलं पान खोटं बोलतं,” ते म्हणाले, “पण कुणाशी? जो तिकीट काढून आलाय त्याच्याशी. त्याला ठाऊक असतं खोटं हाये ते, आन त्याला तेच पाह्यजे असतं. आतलं पान कधीच खोटं बोलत न्हाई. ही तुटक रेघ बघ. किती साफ सांगून राह्यली. हरामखोरी कधी व्हती? वरलं पान आतलं म्हणून लोकांच्या गळ्यात मारलं, की मंग.”

मी तेव्हा नुसती मान हलवली. मला ती अक्षरं आवडली होती. बाकीचं मला पुढं समजलं, आणि फार वाईट रीतीनं समजलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला गावात एक महाराज आले. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात त्यांचा मांडव पडला. शस्त्र न लावता, नुसत्या हातानं, पोटातले खडे आणि गाठी काढतात, अशी हवा होती. बैलगाड्या भरून लोक यायचे. आडव्या झोपलेल्या माणसाच्या पोटावर महाराज ओल्या हातांनी चोळायचे, बोटं पोटात जाताना दिसायची, रक्त यायचं, आणि मग हातात खडा. पोट पुसलं की कातडीवर ओरखडाही नाही. मालक पहिल्याच आठवड्यात जाऊन पाया पडून आला आणि महाराजांच्या जाहिरातींचं काम घेऊन आला.

“पेंटर, लई मोठं काम हाये. महाराजांचं चित्र, मागं किरणं, आन वर अक्षरं, तुमची ती धुराची.”

मला वाटलं आता भडका उडतो. पेंटर म्हणाले, “करतो. आदी बघून येतो.”

ते दोन दिवस गेले. पहिल्या रांगेत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट मागच्या खोलीत, आणि मला हाक मारली. ट्रंक उघडी होती, एक सूचीपत्र मांडीवर.

“हात धू आन ये.”

पानावर एक अंगठा होता. नुसता अंगठा, टोपी काढावी तसा खऱ्या अंगठ्यावरून अर्धवट काढलेला. आतून पोकळ. पोकळीत तुटक रेघेनं दाखवलेला रुमाल.

“पत्र्याचा असतो, कातडीचा रंग दिलेला. आमच्या कंपनीतबी व्हता. त्यात रुमाल लपवायचे. ह्यानं त्यात लाल पाणी आन खडा भरलाय. बोटं पोटात जात न्हाईत, नुसती दुमडतेत. लोक पोटाकडं बघून राह्यलते, मी अंगठ्याकडं.” त्यांनी सूचीपत्र मिटलं. “माझ्या म्होरं एक म्हातारी झोपली व्हती. पोट हे एवढं फुगलेलं. तिला म्हणला, जा, गाठ गेली. ती उठून नाचली रे. नाचली. आता ती दवाखान्यात जाईल का कधी?”

माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, “काय झालं?”

मग मला सांगावं लागलं. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हसनाबादजवळच्या एका वस्तीवर दिलेलं. तिच्या पोटात सहा महिन्यांपासून दुखत होतं, हाताला गाठ लागत होती. औरंगाबादच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते उडवून लावलं. बाईमाणसाचं पोट फाडायचं नाही म्हणाले. आता येत्या गुरुवारी ते तिला महाराजांकडं आणणार होते.

पेंटर उभे राहिले. “तुझी बहीण हाये, आन तू हितं बसून शाई पुसून राह्यला?”

“दाजींच्या म्होरं माझं चालत न्हाई.”

“कामून चालत न्हाई? तोंड न्हाई का तुला?”

दाजी उंचेपुरे, तापट, चार गावांत मान असलेले. मी त्यांच्यासमोर खाली बघून बोलायचो. पेंटरनी माझ्याकडं जे पाहिलं त्यात तिरस्कार होता, आणि मग तो त्यांनी बाजूला ठेवला, पटाशी बाजूला ठेवावी तसा. “बस. मी कोरतो, तू जुळव.”

आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम त्यांनी त्या महाराजांसाठी केलं, असं मी आजही म्हणतो. ‘चमत्कार’ हा शब्द असा, की ‘च’च्या पोटातून धूर निघतोय आणि त्या धुराला वळण देत देत शेवटचा ‘र’ झालाय. खाली महाराज, मागं किरणं. मालक ठसा पाहून खूश झाला, स्वतः मांडवात जाऊन दाखवून आला. छापून झाल्यावर चित्र वर ठेवून कागदाची चौघडी घालायची होती. चौघडीच्या आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी प्रेस बंद असायची; त्या दुपारी मी पाय मारून मशीन चालवलं आणि पेंटर कागद घालत गेले.

आत पाच हात होते. पण मासिकातले पांढऱ्या कफाचे नव्हेत. त्यांनी स्वतःचे हात काढले होते, नखांत शाई असलेले, शिरा वर आलेले. पोकळ अंगठा, आतला खडा तुटक रेघेनं. दुमडलेली बोटं. पाचव्यात तो अंगठा ओढून काढणारा हात. आणि खाली मी जुळवलेला मजकूर, साध्या खिळ्यांत, त्यांनी सांगितला तसा: ‘अ – पत्र्याचा पोकळ अंगठा. ब – त्यात लाल पाणी व खडा. क – बोटे पोटात जात नाहीत, दुमडतात. गाठ असेल तर दवाखान्यात जा.’ इथं एकही अक्षर नटवायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

सोमवारी मी एक कागद घेऊन बसनं आक्काकडं गेलो. दाजी शेतात होते. मी मुद्दाम तीच वेळ गाठली होती. आक्का म्हशीचं दूध काढत होती. चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचायची. तिनं कागद उघडला, वाचण्याआधी चित्रं पाहिली, फार वेळ पाहिली. मग कागद पोलक्यात खोवला.

“दाजीला बोल तू,” मी म्हणालो.

“तू कामून बोलत न्हाईस?” तिनं विचारलं. नंतर स्वतःच म्हणाली, “जाऊ दे. जा. तुझी गाडी चुकंल.”

गुरुवारी सकाळी स्वयंसेवकांनी गठ्ठे नेले आणि रांगेत वाटले. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, पेंटर पुढं बसले होते. मला वाटलं होतं लोक कागद उघडतील आणि मांडव पेटेल. तसं काही झालं नाही. लोकांनी वरचं चित्र कपाळाला लावलं. कुणी खिशात ठेवलं, एका बाईनं त्याला कुंकू लावलं. ज्यांनी उघडलं त्यांतल्या काहींनी हात पाहिले आणि महाराज आशीर्वाद देताहेत असं समजून परत घडी घातली. पेंटर मागं वळून वळून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर पाहिलेला सगळ्यात मोठा राग होता, आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं.

मग आक्काची पाळी आली. चटईवर ती आडवी झाली, दाजी डोक्याशी उभे. महाराजांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, पोट चोळायला लागले. लोकांनी जयघोष केला. आणि आक्कानं दोन्ही हातांनी त्यांचा अंगठा धरला. रोज सकाळ-संध्याकाळ तीन म्हशी पिळणारे हात होते ते. धरला आणि ओढला.

तो निघाला. लाल पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. खडा चटईवर पडला, सुपारीएवढा. जयघोष मधेच तुटला.

“बाईच्या अंगात भूत आहे! धरा तिला!” महाराज ओरडले. स्वयंसेवक धावले. पण दाजी मधे आले. मला वाटलं आता ते तिलाच मारतात. त्यांनी हात पुढं केला. “आण इकडं.” तिनं मूठ उघडली. दाजींनी तो अंगठा घेतला, उलटा करून आत पाहिलं, बोटानं आतली ओल चाचपली. मग खाली टाकून पायानं चेपला. आक्काला हाताला धरून उठवलं, आणि ज्या वाटेनं ते चालले त्या वाटेतून स्वयंसेवक बाजूला झाले. मी मागोमाग बसस्टँडपर्यंत गेलो. तिथं त्यांनी खिडकीतल्या माणसाला विचारलं, “औरंगाबादची गाडी कधी हाये?”

इथं गोष्ट संपली असती तर मी ती शंभर जणांना आनंदानं सांगितली असती.

त्या दुपारी मी प्रेसवर परत आलो. पेंटर पाटावर बसून काम करत होते. महाराजांचे आठ-दहा भक्त आले, हातात आमचाच कागद, आता उघडलेला. मालकाचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“कुणी केलं हे?” त्यांच्या पुढाऱ्यानं विचारलं.

मालकानं पेंटरकडं बोट दाखवलं. दुसऱ्यांदा विचारायचीही वाट पाहिली नाही.

“तुम्ही तुमचे देव नदीत टाकले,” त्यांतला एकजण पेंटरना म्हणाला, “आता आमचे टाकायला आला का?”

“तुमचा देव पत्र्याचा निघाला, त्याला मी काय करू?” पेंटर म्हणाले.

पहिली थप्पड तिथं बसली. पेंटरचा चष्मा गळ्यातल्या दोरीवर लोंबकळला. ओठ फुटला. त्यांनी हात उचलला नाही, आवाज मात्र उचलला. “मारा! जल्दी मारा! त्या म्हातारीचं पोट फुगून राह्यलंय तिकडं, आन तुम्ही मला मारून राह्यले!”

“खिळे कुणी जुळवले?” पुढाऱ्यानं मजकुरावर बोट ठेवलं. “हे ह्याचं एकट्याचं काम न्हाई.”

पेंटरनी माझ्याकडं पाहिलं. मी खिळ्यांच्या खोक्यापाशी उभा होतो, हातात अर्धी जुळवलेली ओळ. त्यांनी वाट पाहिली. माझ्या बहिणीसाठी त्यांनी हे केलं होतं आणि ते वाट बघत होते. मी हातातल्या ओळीकडं बघत राहिलो. कुठली ओळ होती ते अजून आठवतं: कुणाच्या तरी सत्यनारायणाच्या पूजेची वेळ.

“मीच जुळवले,” पेंटर म्हणाले.

मागच्या खोलीतली ट्रंक कुणी दाखवली ते मला माहीत नाही, बहुतेक मालकानं. त्या लोकांनी ती रस्त्यावर आणून उपडी केली. मालक म्हणाला, “जाळून टाका, आन विषय संपवा.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “रॉकेल आण.”

खिळे धुवायला प्रेसमध्ये रॉकेलचा डबा असायचा. तो मी आणला. कुणी मला मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. नुसतं सांगितलं आणि मी आणला.

लाल सैतान गुंडाळले गेले. झोपलेल्या बाईचे केस आधी पेटले. पेंटर रक्त पुसत उंबऱ्यात उभे होते. कुणीतरी वरची रंगीत पानं पायानं आगीत सारत होता, त्याला ते ओरडून म्हणाले, “ती कामून जाळतो रे? ती तुमच्याच धंद्याची हायेत! आतली जाळ!” कुणाला काही समजलं नाही. डबा अजून माझ्या हातात होता. त्यांनी तो पाहिला.

महाराज आठ दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात गेले. गावानं कधी त्यांचं नाव काढलं नाही, चुकलो असं तर नाहीच नाही. आज इथले शिकलेले लोक पेंटरनी रंगवलेल्या उरल्यासुरल्या पाट्यांचे फोटो काढतात, ‘जुन्या जालन्याची कला’ म्हणून एकमेकांना पाठवतात. त्यांतल्या काहींचे वडील त्या दिवशी रस्त्यावर होते. मला त्यांची तोंडं बघवत नाहीत. माझं मला बघवत नाही, ते वेगळं.

आक्काचं ऑपरेशन झालं. लिंबाएवढी गाठ निघाली. ती पुढं तीस वर्षं जगली, नातवंडं पाहून गेली. बरी होऊन आली तेव्हा दाजी म्हणाले, “पेंटरच्या घरी जायचं.” स्टेशनकडच्या बौद्धांच्या वस्तीत त्यांचं पत्र्याचं घर होतं. दाजी, ज्यांनी जन्मात तशा वस्तीत पाय ठेवला नव्हता, त्यांच्या बाजेवर बसले, त्यांच्या बायकोच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, “पेंटर, मी चुकलो.”

“तुम्ही बराबर वेळेला सुधरले,” पेंटर म्हणाले. आक्काशी तर ते हसून बोलले. अंगठा कसा धरला ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं. “पाचवं चित्र बघितलं ना तुम्ही? मला वाटलंच व्हतं, पाचवं कळणार.” मी दारात उभा होतो. शेवटी निघताना मी आत गेलो आणि म्हणालो, “माझंबी चुकलं.”

त्यांचं हसू गेलं.

“आगीचा राग न्हाई मला. मालकाचाबी न्हाई, तो भित्राच हाये, ते मला आल्या दिवसापासून ठाऊक. त्या पोरांचाबी न्हाई, त्यांना कुणी शिकवलं न्हाई. तू खिळा न् खिळा माझ्यासंगं जुळवला. तुला सगळं समजत व्हतं. तुझा राग हाये मला. आन तो जाणार न्हाई, तू वाट बघू नको.”

ते शब्दाला पक्के होते. प्रेस त्यांनी सोडली, मीही वर्षभरात सोडली. ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. वाटेत दिसले तर ते रस्ता बदलत नसत. माझ्या अंगावरून सरळ चालत जात, खांबाजवळून जावं तसे.

एकदाच बोलले. मस्तगड भागात एका दुकानावर ते शिडी लावून पाटी रंगवत होते. भर दुपार, रस्त्यावर कुणी नाही. मी समोरून येत होतो तेवढ्यात शिडीचा पाय फरशीवरून सरकला. मी धावलो आणि शिडी दोन्ही हातांनी दाबून धरली. वर त्यांनी भिंतीला हात टेकून तोल सावरला.

“कोण हाये रे?” त्यांनी खाली न बघता विचारलं. आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं.

“मी.”

रंगाचा एक थेंब माझ्या शर्टावर पडला.

“सोड शिडी.”

“पेंटर, पडाल. फरशी गुळगुळीत हाये.”

“पडंन. सोड.”

मी सोडली. वर कुंचला पुन्हा चालू झाला. प्रत्येक ओढीबरोबर शिडी थरथरत होती. मी दोन्ही हात तिच्यापासून दोन बोटं लांब धरले आणि उन्हात तसाच उभा राहिलो, ते खाली येईपर्यंत.